‘फॉरमॅट मारा’ म्हणणाऱ्यांस

संगणक बिघडला की आमच्या सीमाभागात एकच उपचार सांगितला जातो : ‘फॉरमॅट मारा.’ ताप आला तरी हाच काढा, ठेच लागली तरी हाच काढा. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार या पट्ट्यात आम्ही हे वर्षानुवर्षे ऐकत आहोत, आणि इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील वाचकांनाही तो अनुभव नवा नसावा. लिनक्सच्या बाबतीत हा उपचार तांत्रिकदृष्ट्या बहुतेक वेळा अनाठायी असतो. परंतु भाषाविषयक लेखांच्या या जागेत त्याचा समाचार घेण्याचे कारण वेगळे आहे. फॉरमॅट मारलेल्या यंत्रावरून सर्वांत आधी जाते ती मराठी. कळफलकाची मांडणी जाते, टंक जातात, शब्दकोशात आपण भरलेली गावांची आणि आडनावांची यादी जाते, पडद्यावरचे मराठी पर्याय जातात. यंत्र परत येते ते इंग्रजी बोलत. दुरुस्त करणारा सांगतो, ‘मराठीचं नंतर बघू.’ आणि मग ते तसेच राहून जाते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की बिघाड-दुरुस्ती हा मराठीच्या चळवळीचाच विषय आहे. आपण पाट्यांसाठी झगडतो, परिपत्रकांसाठी झगडतो, ते योग्यच आहे. पण यंत्र अडले असता ते काय बोलते आहे हे वाचण्याची, समजण्याची आणि दुसऱ्याला मराठीत सांगण्याची ताकद आपण कमावली नाही, तर मराठी ही भाषणांची आणि भजनांची भाषा होऊन राहील.

आमच्या भागातील पुष्कळ मराठी शाळांत आणि वाचनालयांत देणगीदाखल आलेले जुने संगणक आहेत. जुन्या यंत्रावर परवान्याच्या खर्चाविना चालते म्हणून त्यांवर डेबियन, उबुंटू अथवा लिनक्स मिंट बसवलेले असते. या तिन्ही एकाच कुळातल्या. त्यांच्यावर सॉफ्टवेअर येते ते ‘पॅकेज’ या गाठोड्यांतून. ही गाठोडी दूरच्या कोठारांतून आणण्याचे काम ‘ॲप्ट’ करते, ती उलगडून जागच्या जागी लावण्याचे काम ‘डीपीकेजी’ करते. पुढे आलेल्या आज्ञा आम्ही उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीतच टंकाव्या लागतात, हे जाणकार वाचकांना सांगायला नको.

खानापूर तालुक्यातील एका शाळेची हकिकत येथे नोंदवण्याजोगी आहे. तेथील एका संगणकावर एकाच शालेय वर्षात तीनदा फॉरमॅट मारण्यात आला होता. प्रत्येक वेळी यंत्र एकदोन दिवस नीट चाले, मग पुन्हा एकही पॅकेज अद्ययावत होईना आणि ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला असुरक्षित म्हणू लागे. दुरुस्तीला येणाऱ्या गृहस्थांचा निष्कर्ष ठरलेला : ‘गुरुजी, लिनक्स असंच असतं.’ पडद्यावर मात्र एक वाक्य दर वेळी येत होते, आणि ते कोणी वाचले नव्हते. कोठाराच्या यादीसंबंधी ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ असे ते वाक्य. म्हणजे, ही यादी अद्याप वैध झालेली नाही.

सारे निदान त्या ‘अद्याप’ या एका अव्ययात आहे. यादी खोटी नाही, जुनीही नाही. यंत्राच्या दृष्टीने ती अजून जन्मालाच यायची आहे. असे केव्हा घडेल? यंत्राचे घड्याळ मागे असेल तेव्हा. संगणकाच्या मुख्य पटावर नाण्याएवढी एक बॅटरी असते, बहुधा सीआर २०३२ जातीची, तीन व्होल्टची. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. जुन्या यंत्रात ती संपलेली असते. रात्री मुख्य बटण बंद केले की सकाळी घड्याळ काही वर्षे मागे जाते. आंतरजालावरून वेळ जुळवून घेणारी सेवा चालू असेल तर जोडणी मिळताच घड्याळ सुधारते. ती सेवा बंद असेल तर यंत्र भूतकाळातच बसून राहते आणि आजच्या तारखेच्या सगळ्या सह्या व प्रमाणपत्रे त्याला भविष्यातली, म्हणून अवैध, वाटतात. ब्राउझरच्या तक्रारीचेही कारण हेच. फॉरमॅट मारताना मांडणीच्या ओघात कोणीतरी तारीख नीट करत असे, म्हणून एकदोन दिवस बरे जात. उपाय दोन : मनगटी घड्याळांच्या दुकानातही मिळणारी ती बॅटरी बदलणे, आणि ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेला ‘सेट-एनटीपी ट्रू’ असे सांगून वेळ जुळवणारी सेवा चालू करणे. याच्या उलट प्रकारही असतो. तेव्हा वाक्यात ‘एक्स्पायर्ड’ हा शब्द येतो, म्हणजे यादीची मुदत संपली आहे. तेव्हा घड्याळ पुढे गेलेले असते किंवा कोठाराची प्रतच शिळी झालेली असते. ‘अद्याप नाही’ आणि ‘आता नाही’ हा भेद आपल्या चौथीतल्या मुलाला कळतो. तो तीन वेळा पैसे घेणाऱ्याला कळला नाही, कारण वाक्य वाचायचे असते हेच त्याला कोणी शिकवले नव्हते.

आता कुलपाकडे वळू. ‘कुड नॉट गेट लॉक’ हा निरोप लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. एका वेळी एकानेच पॅकेजांच्या वहीत लिहावे म्हणून डीपीकेजी वहीला कुलूप लावते. दुसरा कोणी लिहू पाहील तर त्याला थांबवले जाते. संगणक चालू करताच सुरक्षा-सुधारणा आपोआप उतरवून घेणारा कार्यक्रम मागे काम करू लागतो, आणि जुन्या यंत्रावर त्याला बराच वेळ लागू शकतो. अलीकडच्या आवृत्त्यांत कुलूप कोणाच्या हाती आहे त्या प्रक्रियेचा क्रमांक आणि नावही त्याच निरोपात दिलेले असते. तेव्हा उपाय काय? चहा पिऊन येणे. पण आमच्याकडे गावोगाव फिरणारा सल्ला असा, की कुलपाची फाइलच पुसून टाका. हा सल्ला घातक आहे. ती फाइल म्हणजे कुलूप नव्हे. कुलूप गाभ्याने, म्हणजे कर्नलने, त्या फाइलवर धरलेले असते. फाइल पुसली तर नवी फाइल तयार होते, तिच्यावर दुसरा कार्यक्रम आपले कुलूप लावतो, आणि एका वहीत दोघे एकाच वेळी लिहू लागतात. तलाठ्याच्या एकाच दप्तरात दोन कारकुनांनी एकाच ओळीवर फेरफार घालावेत तसे ते होते. मग खरोखरच वही बिघडते, आणि ‘बघा, फॉरमॅटच मारायला हवा होता’ म्हणायला सल्लागार मोकळा.

वीज जाणे हे आमच्या खेड्यांचे नित्याचे दुखणे. पॅकेज उलगडत असतानाच वीज गेली तर ते अर्धवट लागलेले राहते. पुढच्या वेळी ॲप्ट स्वच्छ सांगते, की डीपीकेजीचे काम मध्येच तुटले आहे, तुम्ही स्वतः ‘सुडो डीपीकेजी’ला ‘कन्फिगर’ आणि ‘ए’ हे दोन पर्याय देऊन ते पुरे करा. औषधाचे नाव, मात्रा, घेण्याची रीत, सारे त्या एका ओळीत छापलेले असते. ती ओळ जशीच्या तशी उतरवून चालवली की बहुतेक वेळा काम होते. राहिलेच तर ‘ॲप्ट’ला ‘फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ म्हणावे. एवढे लिहिलेले असताना फॉरमॅट मारणारा माणूस औषधाची चिठ्ठी हातात घेऊन रोग्याला स्मशानात नेणाऱ्यासारखा आहे, असे म्हटल्यास ते कठोर होईल. पण आम्ही म्हणतो.

जागा संपणे हा तिसरा नेहमीचा बिघाड. ‘डीएफ’ला ‘एच’ पर्याय दिला की कोणता कप्पा भरला ते दिसते. ‘बूट’ हा कप्पा वेगळा आणि लहान असेल तर तेथे जुन्या कर्नलांची अडगळ साचते, ती ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ने निघते. उतरवून ठेवलेली गाठोडी ‘ॲप्ट क्लीन’ने जातात. मुख्य कप्पाच तुडुंब भरला तर परवलीचा शब्द बरोबर देऊनही यंत्र पुन्हा प्रवेशाच्याच पडद्यावर आणून सोडते, कारण बैठक सुरू करताना लिहाव्या लागणाऱ्या चार ओळींनाही जागा उरलेली नसते. लोकांना वाटते, परवलीचा शब्द विसरला.

आणि ‘४०४ नॉट फाउंड’? उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे नियमित सुधारणा मिळतात, मधल्या आवृत्तीला नऊ महिने. मुदत संपल्यावर काही काळाने तिचे कोठार जुन्या आवृत्त्यांच्या वेगळ्या पत्त्यावर हलवले जाते. पत्ता बदललेल्या घरी पत्र पाठवले तर ते परत येणारच. येथे मात्र नवी आवृत्ती बसवणे हाच खरा मार्ग असतो, आणि तेवढ्यापुरते आम्ही फॉरमॅटवाल्यांचे म्हणणे मान्य करतो. तेव्हाही आधी घरकप्प्याची प्रत काढावी.

येथवर आलेले बिघाड कोणत्याही भाषिकाचे. आता खास आपल्या वाट्याचे बिघाड घेऊ, कारण त्यांवर इंग्रजी पुस्तकांत चार ओळीही सापडत नाहीत.

मराठी बिघडली असे लोक सरसकट म्हणतात. प्रत्यक्षात तीन वेगळे रोग असतात आणि ते डोळ्यांनी ओळखता येतात. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर टंक नाही. अशा वेळी डेबियन कुळात ‘फॉन्ट्स-देवा’ किंवा ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ हे पॅकेज घ्यावे, आणि ‘एफसी-लिस्ट’ला भाषा ‘एमआर’ सांगून मराठी उमटवू शकणारे टंक यंत्रावर कोणते आहेत ते पाहावे. (लोहित हा टंकसमूह रेड हॅट कंपनीने मुक्त केला. लोहित म्हणजे तांबडा, हे नाव ठेवणाऱ्याला संस्कृत येत होते एवढे खरे.) जोडाक्षरे मोडून हलन्ताचे पाय लोंबताना दिसले तर टंक आहे, पण त्या कार्यक्रमाला अक्षरे जुळवता येत नाहीत. कित्येक टर्मिनल-खिडक्यांत असे होते. त्यावर उपाय म्हणजे दुसरी खिडकी वापरणे. आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन खच दिसला, तर ती मराठी नव्हेच. ती शिवाजी, कृतिदेव किंवा तत्सम जुन्या टंकात बसवलेली अक्षरचित्रे आहेत. संगणकाच्या लेखी तेथे इंग्रजी अक्षरेच आहेत, टंकाने त्यांना देवनागरीचे मुखवटे घातले होते, आणि टंक गेला तसे मुखवटे गळाले. लिनक्सने मराठी बिघडवली असे म्हणणारे पुष्कळ संस्थाचालक वास्तविक या तिसऱ्या रोगाने पछाडलेले असतात. त्यांच्या चाळीस वर्षांच्या स्मरणिका, सभासद-याद्या, ठराव या मुखवट्यांत अडकले आहेत. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तीत देवनागरी होती. इतक्या वर्षांनी जर आपली संस्था मुखवट्यांतच लिहीत असेल, तर तो दोष कर्नाटक शासनाचा नाही आणि लिनक्सचाही नाही.

‘र’च्या रफाराचा एक बारकावा येथे सांगितलाच पाहिजे. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन रीतींनी साठवला जातो : नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते दोन भिन्न शब्द वाटतात. म्हणून ‘गोऱ्हे’ हे आडनाव यादीत समोर दिसत असूनही शोध घेतल्यास सापडत नाही. संगणकाला दोष देण्याआधी कार्यालयातील सर्वांनी एकच कळफलक वापरावा. इनस्क्रिप्ट मांडणीत ‘र’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ऱ’ आहे, तीच रीत आम्ही शिफारस करतो.

कळफलकावरून एक गोष्ट आठवली, आणि ती आमच्या काही मित्रांना रुचणार नाही. लिनक्सच्या कळफलक-मांडण्यांच्या यादीत मराठीसाठी उच्चारानुसारी अशी एक मांडणी आहे, तिचे नाव ‘कगप’. कगप म्हणजे ‘कन्नड गणक परिषत्तु’. कन्नड संगणनासाठी झटणाऱ्या संस्थेच्या नावाची मांडणी कन्नडप्रमाणेच मराठी, हिंदी आणि संस्कृतसाठीही तेथे उपलब्ध आहे. आमचा कन्नड भाषेशी वाद कधीच नव्हता, सक्तीशी होता. म्हणून आम्हांला हे सांगताना संकोच वाटत नाही, की त्या मंडळींनी आपल्या भाषेसाठी संघटित होऊन जे केले ते पाहून आपण शिकावे. वाद घालताना त्यांच्या शाळांची संख्या मोजणारे आपण, त्यांच्या या कामाची मोजदाद का करत नाही?

सर्वांत मोठा आणि सर्वांत सोपा बिघाड ‘लोकेल’चा. लोकेल म्हणजे यंत्राने कोणत्या भाषेत बोलावे, तारीख कशी लिहावी, शब्द कोणत्या क्रमाने लावावेत याचा ठराव. मराठीचा संकेत ‘एमआर’, अधोरेषा, ‘आयएन’ : भाषा मराठी, देश भारत. वाचकांनी या संकेताकडे क्षणभर नीट पाहावे. यात राज्याचे नाव नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेने आखलेली रेषा या संकेतात कोठेही उमटलेली नाही. डेबियनच्या लोकेल-यादीत कन्नड आणि कोकणी जवळजवळ आहेत (मधे वर्णक्रमाने कोरियन येऊन बसली आहे), काही ओळी खाली मराठी आहे, आणि तिघींच्याही पुढे ‘आयएन’ हीच अक्षरे. येळ्ळूरच्या संगणकाला मराठी बोलायला लावण्यासाठी कोणाच्या परवानगीची, कोणत्या आयोगाच्या शिफारशीची किंवा न्यायालयाच्या तारखेची गरज नाही. यादीतल्या त्या ओळीपुढची खूण काढायची आणि ‘लोकेल-जेन’ चालवायचे, किंवा ‘डीपीकेजी-रिकन्फिगर लोकेल्स’ म्हणून यादीतून मराठी निवडायची. उबुंटूवर ‘लँग्वेज-पॅक-एमआर’ हे पॅकेज घ्यायचे. मग बाहेर पडून पुन्हा प्रवेश करायचा. लोकेल नुसते निवडले पण तयार केले नाही, तर ‘सेटिंग लोकेल फेल्ड’ अशी कुरकुर प्रत्येक आज्ञेसरशी ऐकू येते. लोक त्या कुरकुरीला कंटाळून मराठीच काढून टाकतात. कारण ठाऊक असते तर अर्ध्या मिनिटाचे काम होते.

येथे दोन प्रकारचे आक्षेपक उभे राहतात.

पहिले म्हणतात, यंत्राची भाषा इंग्रजीच, तिथे मराठीचा हट्ट कशाला? त्यांनी ॲप्टच्या तोंडून मराठी ऐकलेली नसते. मुंबईच्या सी-डॅकमधील ‘जनभारती’ प्रकल्पाने ॲप्टचे निरोप मराठीत आणले, त्याला आता बराच काळ लोटला. लोकेल मराठी करून पाहा, ज्या आज्ञेला तुम्ही जन्माने इंग्रज समजत होता ती मराठीत उत्तर देईल. मात्र काही ओळी मराठीत आणि काही इंग्रजीत येतील. त्यामागचे कारण असे, की कार्यक्रमात नवे निरोप येत गेले आणि त्यांचे मराठी कोणी केले नाही. ज्या ओळीचे भाषांतर नाही, किंवा मूळ बदलल्यामुळे जी ओळ ‘धूसर’ ठरली आहे, ती यंत्र इंग्रजीतच दाखवते. म्हणजे पडद्यावरची इंग्रजी ओळ ही आपल्या न केलेल्या कामाची नोंद आहे. दिल्लीने किंवा बंगळुरूने ती तेथे ठेवलेली नाही.

दुसरे आक्षेपक आमच्याच तंबूतले. त्यांना सगळे मराठीत हवे, आणि मराठी म्हणजे त्यांच्या लेखी संस्कृताचे गाठोडे. पॅकेजला ‘संवेष्टन’, फाइलला ‘संचिका’, डिपेंडन्सीला ‘परावलंबिता’. असे निरोप वाचून शाळेतला शिपाईच काय, भाषांतर करणाराही दुसऱ्या दिवशी अडखळेल. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या राजवटीत ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा कोश १९३१ साली निघाला. आजच्या महाराष्ट्राबाहेर, राज्यकारभाराच्या शब्दांना मराठीसह अनेक भारतीय भाषांतील प्रतिशब्द देणारा तो कोश होता. कारभारात मराठी चालत होती म्हणून कोश लागला. आधी चलन, मग कोश. आमच्या मते कुलूप, कोठार, अडगळ, मोडके, अर्धवट हे शब्द बिघाडाच्या भाषेला पुरेसे आहेत, आणि ‘पॅकेज’ ‘पॅकेज’च राहिले तर मराठीचे काही बिघडत नाही.

शब्दाहून मोठी अडचण वाक्याची असते. ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ हा ॲप्टचा एक प्रसिद्ध निरोप. ‘तुमच्याकडे रोखून धरलेली मोडकी पॅकेजे आहेत’ असे त्याचे शब्दशः मराठी होईल, आणि ते निरुपयोगी ठरेल, कारण मूळ इंग्रजी वाक्यच दिशाभूल करणारे आहे. इंग्रजी मातृभाषेची माणसेही ते वाचून ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ने रोखलेली पॅकेजे शोधू लागतात आणि बहुधा यादी रिकामी निघते. खरा अर्थ असा : तुम्ही मागितलेल्या पॅकेजाला सोबत ज्या आवृत्त्या लागतात, त्या तुमच्या कोठारांतून जुळत नाहीत. कारण बहुतेक वेळा हेच, की कोणीतरी कोठून तरी परकी कोठारे यादीत जोडून ठेवलेली असतात. ‘ॲप्ट पॉलिसी’ला पॅकेजाचे नाव दिले की कोणती आवृत्ती कोणत्या कोठारातून आली ते कळते, परके कोठार काढता येते. तेव्हा मराठी भाषांतरकाराने मूळ वाक्याच्या मागे जाऊन यंत्राचे म्हणणे समजून घेतले, तर मराठी निरोप इंग्रजीहून सरस होऊ शकतो. दुय्यम नकलेचे ओझे वाहण्याचे आपल्याला कारण नाही.

व्यवहाराची एक युक्ती येथेच सांगून ठेवतो. मराठी निरोपाचा उपाय आंतरजालावर शोधायला गेल्यास आज फारसे हाती लागत नाही. त्यासाठी लोकेल बदलून टाकू नये. आज्ञेच्या आधी ‘एलसी_ऑल’ बरोबर ‘सी’ असे लिहावे, तेवढ्या एका आज्ञेपुरता मूळ इंग्रजी निरोप येतो, तो शोधासाठी वापरावा. यंत्राचे बोलणे मराठी, शोधाची चावी इंग्रजी, यात आम्हांला कमीपणा दिसत नाही. कमीपणा आहे तो उपाय सापडल्यावर तो मराठीत लिहून न ठेवण्यात.

केरळचे उदाहरण द्यावेसे वाटते. तेथे ‘आयटी ॲट स्कूल’ हा प्रकल्प २००१ साली सुरू झाला, पुढे सरकारी शाळांनी ग्नू-लिनक्स स्वीकारले, आणि मल्याळम संगणनासाठी स्वयंसेवकांचा मेळावा उभा राहिला तो २००२ पासून. त्यांनी टंक केले, कळफलक केले, निरोपांची भाषांतरे केली. शासन पाठीशी होते हे खरे. आपल्या पाठीशी येथले शासन नाही आणि तेथले शासन दूर आहे, हेही खरे. पण लोकेलची ओळ उघडायला शासन लागत नाही हे वर दाखवले आहे, आणि भाषांतराची फाइल तर कोणालाही उतरवून घेता येते.

एक अडचण मात्र राहते. यंत्राचा चित्रमय पडदा उभाच राहिला नाही, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून काळ्या अक्षरपटाकडे जावे लागते, आणि त्या पटावर देवनागरी उमटत नाही. तेथे जास्तीत जास्त ५१२ अक्षरचित्रे मावतात आणि जोडाक्षरे जुळवण्याची सोय नाही. म्हणजे नेमक्या कठीण प्रसंगी मराठी निरोप चौकोनांत किंवा ठिपक्यांत हरवतो, आणि ‘एलसी_ऑल’ला ‘सी’ सांगून इंग्रजीकडे वळावे लागते. यावर आमचा तोडगा जुन्या पद्धतीचा आहे : कागद. नेहमी येणारे पंधरा-वीस इंग्रजी निरोप, त्यांखाली त्यांचा मराठी अर्थ, त्याखाली करावयाची आज्ञा, एवढे एका मोठ्या कागदावर छापावे आणि यंत्राशेजारी भिंतीवर लावावे. पहिल्या रांगेत ‘अद्याप वैध नाही’, कुलूप, अर्धवट राहिलेले काम, भरलेला कप्पा आणि तयार न केलेले लोकेल हे पाच असावेत, कारण आमच्या पाहण्यात शाळांतील बहुतेक तक्रारी या पाचांतच निघतात.

कडोली, येळ्ळूर, उचगाव येथे दर वर्षी मराठी साहित्य संमेलने भरतात. कथाकथनाला आणि कविसंमेलनाला वेळ मिळतो, ठरावांना मिळतो. या वर्षीच्या आयोजकांकडे आमची मागणी एवढीच आहे, की एक तास एक लिनक्स संगणक व्यासपीठावर ठेवून द्यावा, तो मुद्दाम बिघडवावा आणि जमलेल्या शिक्षकांपुढे मराठीत दुरुस्त करून दाखवावा. वर सांगितलेल्या कागदाच्या प्रती तेथेच वाटाव्यात. ज्यांना पुढे काम करायचे असेल त्यांनी ॲप्टची मराठी भाषांतर-फाइल ‘पोएडिट’मध्ये उघडावी. तीत रिकाम्या आणि धूसर ओळी वेगळ्या दिसतात. भरलेली फाइल डेबियनच्या दोषनोंदणीकडे ई-पत्राने पाठवता येते.